गोलातला क्रमांक
वीज गेल्यावर संगणकातली सूची पुन्हा कशी उभी राहते?

एकदा वर्गातल्या मुलांना घरून जुना, हाताने लिहिलेला सातबारा आणायला सांगून पाहा. बुलडाणा जिल्ह्यातल्या खेड्यांत, मग ते मोताळ्याकडचे गाव असो की लोणारकडचे, ट्रंकेच्या तळाशी असा एखादा उतारा जपून ठेवलेला सापडतो. त्यावर गट क्रमांक असतो, क्षेत्र असते, आकार असतो, कपाशी, ज्वारी, तूर अशी पिके असतात. खातेदारांची नावे असतात. नीट पाहिले तर काही नावांना कंस केलेला दिसतो आणि नावाजवळ एका छोट्या गोलात एक आकडा दिसतो.

हा गोलातला आकडा कसला? घरातली जाणती माणसे सांगतील, "तो फेरफाराचा नंबर." बहुधा विषय तिथेच संपतो. पण या लहानशा आकड्यामागे जी युक्ती आहे, तिच्याच जोरावर बँकांचे आणि रेल्वे आरक्षणाचे संगणक अचानक बंद पडूनही पुन्हा भानावर येतात. ही युक्ती आपण या लेखात समजून घेऊ. त्यासाठी आधी गावच्या दप्तरात डोकावू आणि मग संगणकात.

तीन वह्या

गावच्या जमिनीच्या नोंदी ठरलेल्या नमुन्यांत ठेवल्या जातात. त्यांपैकी तीन आपल्या कामाचे आहेत. पहिला अर्थातच सातबारा. गाव नमुना सात म्हणजे जमिनीवरचे हक्क आणि नमुना बारा म्हणजे पिके. ही नोंद गटावार असते. 'गट ११२ कोणाचा?' असे विचारले की ते पान काढायचे, उत्तर तयार.

पण प्रश्न उलटा आला तर? 'या बाईंच्या नावावर गावात कोठे कोठे जमीन आहे?' आता गावातला प्रत्येक गट उलटून पाहावा लागेल. ही यातायात वाचवण्यासाठी दुसरी वही असते, गाव नमुना आठ-अ. तिच्यात खात्याप्रमाणे गट मांडलेले असतात. एक लक्षात घ्या, आठ-अ मध्ये स्वतःची अशी नवी माहिती फारशी नसते. सातबारावर जे आहे तेच इथे वेगळ्या क्रमाने लावलेले असते. म्हणजे ही सूची झाली. संगणकाच्या जगात हिलाच इंडेक्स म्हणतात.

तिसरी वही गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही. जमीन विकली, वारसांच्या नावे झाली, भावाभावांत वाटणी झाली, की त्याची पहिली नोंद होते ती या वहीत. नोंदीला ओळीने पुढचा क्रमांक मिळतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत असते आणि नंतर मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतात. हातलिखित दप्तराच्या काळात तोपर्यंत सातबारावर फक्त पेन्सिलीची खूण असे. नोंद प्रमाणित झाली की शाईने नवे नाव चढे, जुन्या नावाला कंस होई, जवळच्या गोलात फेरफाराचा क्रमांक येई आणि मग आठ-अ ही दुरुस्त होई. आज हे काम ई-फेरफार या संगणकप्रणालीतून होते आणि तलाठी या पदाचे नावही २०२४ मध्ये बदलून ग्राम महसूल अधिकारी असे झाले. कामाचा क्रम मात्र तोच राहिला आहे.

आता समजा, जुन्या काळी एका तलाठ्याने तीन गटांवर वारसांची नावे चढवायला घेतली. दोन गट झाले. तिसरा राहिला, आठ-अ राहिला आणि मध्येच ते आजारी पडले. त्यांच्या जागी नवा माणूस आला. काय झाले आहे आणि काय राहिले आहे, हे त्याला ठाऊक नाही. तो काय करील? तो फेरफार नोंदवही उघडील. शेवटच्या प्रमाणित नोंदीत तीन गट लिहिले आहेत. एकेक पान काढून तो फक्त गोल पाहील. गोलात हा क्रमांक असेल तर ते काम झालेले आहे, पुढे जायचे. नसेल तर करायचे. आधीच्या माणसाला एक अक्षरही विचारावे लागणार नाही.

यातून तीन नियम हाती लागतात. पहिला, बदल आधी फेरफाराच्या वहीत आणि मगच मूळ पानावर. दुसरा, वहीतले क्रमांक ओळीने, मध्ये गाळायचे नाहीत आणि मागे जायचे नाही. तिसरा, मूळ पानावर बदल केला की तिथेच त्या नोंदीचा क्रमांक टाकायचा. हे तीन नियम मनात ठेवून संगणकाकडे वळू.

पाटी आणि वही

संगणकाजवळ लिहिण्याच्या दोन जागा असतात. एक स्मृती, म्हणजे मेमरी. ही पाटीसारखी आहे. लिहिणे, पुसणे फार झटपट होते, पण वीज गेली की पाटी कोरी. दुसरी डिस्क. ही वहीसारखी, वीज गेली तरी लिहिलेले राहते, पण तिथे लिहायला वेळ लागतो. स्मृतीतला एखादा शब्द वाचायला सेकंदाचा कोटीवा भाग किंवा त्याच्या आसपास वेळ पुरतो. फिरत्या डिस्कवर योग्य जागी पोचायलाच काही मिलिसेकंद जातात. म्हणजे दहा हजार पटींहून अधिक फरक.

डिस्कवरचा मजकूर सारख्या मापाच्या पानांत विभागलेला असतो. पोस्टग्रेस नावाच्या प्रसिद्ध माहितीसाठा प्रणालीत हे पान सहसा ८,१९२ बाइटांचे असते. एखादी नोंद बदलायची तर संगणक ते अख्खे पान पाटीवर उतरवून घेतो, तिथे बदल करतो आणि सवडीने पुन्हा वहीत उतरवतो. 'सवडीने' हा शब्द महत्त्वाचा. प्रत्येक बारीक बदलासाठी वहीकडे धावायचे ठरवले तर कामाचा वेग पार बसेल. म्हणून कोणत्याही क्षणी काही पाने फक्त पाटीवर ताजी असतात आणि वहीत शिळी. कोणती ताजी, कोणती शिळी, याला काही क्रम नसतो. नेमकी त्याच वेळी वीज गेली तर?

सूचीचे पान फुटते तेव्हा

उदाहरण शाळेचेच घेऊ. दाखल-खारिज रजिस्टरात मुलांची नोंद प्रवेशाच्या क्रमाने असते. पन्नास वर्षांपूर्वी शाळा सोडलेल्या आजोबांचा दाखला शोधत कोणी आले, की रजिस्टर क्रमांक त्यांना माहीत नसतो, आडनाव माहीत असते. म्हणून आडनावांची सूची हवी. संगणकात अशी सूची बहुधा 'बी-ट्री' नावाच्या झाडाच्या रूपात ठेवतात. बोइंग कंपनीत काम करताना रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्राइट यांनी १९७० मध्ये ही रचना मांडली. वर एक पान असते, ते सांगते की कोणती नावे खालच्या कोणत्या पानावर पाहायची. एका पानावर ३०० नोंदी मावत असतील तर तीन पायऱ्यांच्या झाडात ३०० × ३०० × ३००, म्हणजे २ कोटी ७० लाख नावे बसतात आणि त्यांतले कोणतेही नाव अवघी तीन पाने उघडून सापडते.

आपण सोयीसाठी पानावर चारच नावे मावतात असे धरू. आपले झाड असे आहे:

पान २ (वरचे): 'तायडे'च्या अलीकडची नावे पान ५ वर, तायडेपासून पुढची पान ६ वर.
पान ५: इंगळे, काळे, खरात, जाधव.
पान ६: तायडे, पवार, वानखडे.

आता शाळेत 'गवई' आडनावाचा नवा मुलगा दाखल झाला. त्याची जागा पान ५ वर, पण ते भरलेले. मग पानाची फोड करावी लागते. कोरे पान ९ घ्यायचे, खरात आणि जाधव तिकडे न्यायचे, पान ५ वरून ते काढायचे, आणि पान २ वर 'खरातपासून पान ९ पाहा' असे लिहायचे. शेवटी गवई पान ९ वर. एका नावासाठी सूचीची तीन पाने बदलली, शिवाय रजिस्टराचे एक.

तीन पानांपैकी काहीच डिस्कवर पोचली आणि वीज गेली, तर काय होईल ते मुलांना स्वतः काढू द्यावे. समजा फक्त पान ५ पोचले. खरात आणि जाधव त्या पानावरून गेले आणि दुसऱ्या पानावर आलेच नाहीत. रजिस्टरात ते आहेत, सूचीत नाहीत. फक्त पान २ पोचले, तर सूची एका कोऱ्या पानाकडे बोट दाखवते. फक्त पान ९ पोचले तर ते अनाथ पान, त्याच्याकडे कोणीच बोट दाखवत नाही. यात सर्वांत वाईट पहिला प्रकार, कारण तिथे काही बिघडले आहे असे दिसतच नाही.

'असे नाव नाही'

याचा अनुभव आम्हाला १९९० च्या दशकात एका संस्थेच्या कचेरीत आला होता. सभासदांची यादी फॉक्सप्रोमध्ये होती. दुपारी वीज गेली, आली, काम पुन्हा सुरू झाले. थोड्या वेळाने एक म्हातारे गृहस्थ खिडकीशी आले. संगणक म्हणाला, असे नाव नाही. गृहस्थांच्या हातात पुस्तक होते, त्यावर शिक्का होता. लिपिकाने दोनदा शोधून पाहिले आणि "काका, तुमचं नावच नाही यात" असे सांगून टाकले. ते बिचारे निघाले होते. कोणीतरी यादी सूचीविना, पहिल्यापासून उघडली, तेव्हा नाव जागच्या जागी होते. बिघडली होती ती सूची. मग 'रीइंडेक्स' ही आज्ञा दिली, सूची नव्याने तयार झाली आणि काम पार पडले.

त्या काळी डीबेस किंवा फॉक्सप्रो वापरलेल्या अनेकांना ही आज्ञा आठवत असेल. मग कोणी विचारील, सूचीत नवी माहिती नसते, ती मूळ यादीवरून केव्हाही पुन्हा करता येते, तर तिच्या सांभाळासाठी एवढा खटाटोप कशाला? वीज गेली की रीइंडेक्स!

प्रश्न रास्त आहे. उत्तराचे तीन भाग आहेत. एक, वेळ. काही शे नावांची सूची क्षणात होते, पण कोट्यवधी नोंदींच्या सूचीला बराच वेळ लागतो आणि तेवढा वेळ काम ठप्प. दोन, सूची बिघडल्याचे ती स्वतः सांगत नाही. 'नाही' हे उत्तर खरे की खोटे, हे खिडकीपलीकडच्या माणसाला कळत नाही. तीन, सूची केवळ शोधायलाच नसते. 'हा क्रमांक आधी कोणाला दिलेला नाही ना?' हे संगणक सूचीलाच विचारतो. सूचीने चुकून 'नाही' म्हटले तर एकच क्रमांक दोघांना दिला जातो, आणि मग मूळ यादीच नासते. तेव्हा सूची नुसती सावली आहे असे समजून चालत नाही.

आधी लॉग, मग पान

उपाय म्हणजे संगणकाची फेरफार नोंदवही. तिला लॉग म्हणतात. लॉगमध्ये फक्त शेवटी भर घालायची, त्यामुळे डिस्कवर ठिकठिकाणी धावावे लागत नाही. एकाच जागी ओळीने लिहिणे स्वस्त पडते. गवईच्या प्रवेशाचा लॉग असा दिसेल. या कामाला आपण 'व्यवहार क' म्हणू.

२०१: व्यवहार क. पान ३१ (रजिस्टर), गवईची नोंद घातली.
२०२: व्यवहार क. पान ९ नवे, त्यावर खरात, जाधव.
२०३: व्यवहार क. पान ५ वरून खरात, जाधव काढले.
२०४: व्यवहार क. पान २ वर 'खरातपासून पान ९'.
२०५: फोड पूर्ण. मागे जाताना येथून थेट २०१ वर जावे.
२०६: व्यवहार क. पान ९ वर गवई घातले.
२०७: व्यवहार क पक्का.

दोन अटी काटेकोर पाळायच्या. बदललेले पान डिस्कवर जाण्याआधी त्या बदलाची लॉगमधली नोंद डिस्कवर गेलेली असली पाहिजे. आणि 'प्रवेश झाला' असे बाहेर सांगण्याआधी २०७ पर्यंतचा लॉग डिस्कवर गेलेला असला पाहिजे. पाने मागाहून जावोत, हरकत नाही.

आणि गोलातला क्रमांक? तोही आहे. प्रत्येक पानाच्या माथ्यावर, त्या पानावर शेवटची कोणती नोंद लागू झाली तिचा क्रमांक लिहिलेला असतो. फरक एवढाच की सातबारावर गोल प्रत्येक नावाजवळ असतो, इथे अख्ख्या पानाला एक.

आता २०७ लिहून झाल्यावर वीज गेली. परत आल्यावर डिस्कवर दिसते ते असे: पान ३१ च्या माथ्यावर १५०, पान ५ वर २०३, पान २ वर १४०, पान ९ कोरे. संगणक नव्या तलाठ्यासारखा लॉग वाचत जातो. नोंद २०१: पान ३१ वरचा क्रमांक १५०, म्हणजे मागे आहे, बदल करा, माथ्यावर २०१ लिहा. २०२: पान ९ कोरे, करा. २०३: पान ५ वर २०३ आहेच, सोडा. २०४: पान २ वर १४०, करा. २०६: पान ९ वर २०२, करा. झाड पूर्वीसारखे उभे राहिले.

ही तुलना नसती तर? 'पानावर गवई घाला' ही आज्ञा डोळे झाकून दोनदा पाळली तर गवई दोनदा लिहिला जाईल. क्रमांक पाहिल्यामुळे तेच काम कितीही वेळा सुरू केले तरी शेवट एकच येतो. म्हणून दुरुस्ती चालू असताना पुन्हा वीज गेली, तरी बिघडत नाही. परत पहिल्यापासून सुरू करायचे.

विद्यार्थी इथे एक चांगला प्रश्न विचारतात. लॉगचीच शेवटची ओळ अर्धी लिहून वीज गेली तर? प्रत्येक नोंदीबरोबर तिच्या मजकुरावरून काढलेली एक पडताळ्याची संख्या लिहिलेली असते. ती जुळली नाही की ती नोंद झालीच नाही असे धरतात. त्यात कोणाची फसवणूक होत नाही, कारण 'पक्का' ही ओळ डिस्कवर जाईपर्यंत आपण कोणालाच 'झाले' असे सांगितलेले नव्हते.

दुसरा प्रश्न, लॉग वाढतच जाणार, मग दर वेळी पहिल्या ओळीपासून वाचायचा का? नाही. अधूनमधून संगणक लॉगमध्ये एक खूण करतो, की कोणती पाने अजून शिळी आहेत आणि कोणते व्यवहार चालू आहेत. हजेरीपटाचा महिनाअखेरचा गोषवारा असतो ना, तसे. दुरुस्ती त्या खुणेच्या आधाराने सुरू होते.

पेन्सिल नसलेला तलाठी

आतापर्यंत व्यवहार पक्का झालेला होता. पक्का होण्याआधीच वीज गेली तर? तलाठ्याला ही अडचण येत नसे, कारण नोंद प्रमाणित होईपर्यंत सातबारावर पेन्सिलच होती. संगणकाला तशी चैन परवडत नाही. पाटीवर जागा अपुरी पडली की अपुऱ्या व्यवहाराची पानेही डिस्कवर उतरवावी लागतात. म्हणजे तो थेट शाईने लिहितो. म्हणूनच त्याला मागे घेण्याची सोय लागते.

इथे सूचीची खरी अवघड जागा येते. समजा २०६ नंतर गवईचा व्यवहार अजून पक्का व्हायचा आहे, आणि तेवढ्यात दुसऱ्या खिडकीवर 'गायकवाड' दाखल झाला:

२०७: व्यवहार ख. पान ३१, गायकवाडची नोंद घातली.
२०८: व्यवहार ख. पान ९ वर गायकवाड घातले.
२०९: व्यवहार ख पक्का.

आणि वीज गेली. व्यवहार क अपुरा, व्यवहार ख पक्का. क मागे घ्यायचा आहे. आपल्या मनात पहिला विचार येतो, की क ने जे जे केले ते सगळे उलटे करावे, पान ५ जसे होते तसे करावे, पान ९ पुसून टाकावे. पण पान ९ वर आता गायकवाड आहे! त्याला आपण 'प्रवेश झाला' असे सांगून बसलो आहोत. पान पुसले तर त्याचे नाव सूचीतून जाईल. एकाचे काम मागे घेताना दुसऱ्याचे नाव पुसायचे, हा कुठला न्याय?

म्हणून पानाची फोड मागे घ्यायचीच नाही. ती गवईच्या निमित्ताने झाली खरी, पण ती गवईची नव्हे. झाडाची मांडणी बदलली एवढेच. त्यात कोणाचे नाव खोटे ठरले नाही. नोंद २०५ नेमकी यासाठी आहे. मागे जाणारा संगणक तिथे पोचला की २०४, २०३, २०२ ओलांडून थेट २०१ वर जातो. मात्र २०५ लिहिली जाण्याआधीच वीज गेली असेल, तर अर्धी फोड उलटवली जाते. तसे करणे धोक्याचे नाही, कारण फोड पुरी होईपर्यंत त्या पानांत दुसऱ्या कोणालाही बदल करू दिलेला नसतो.

आणि गवईचे नाव काढायचे कसे? 'पान ९ वरची दुसरी ओळ खोडा' असे म्हणून चालणार नाही. दरम्यान ते पान पुन्हा फुटून नाव दुसरीकडे गेले असू शकते. म्हणून वरच्या पानापासून नव्याने शोधत जायचे, गवई जिथे असेल तिथून काढायचे. हे काढणेही लॉगमध्ये लिहायचे:

२१०: पान ९ वरून गवई काढले. यापुढे मागे घ्यायची नोंद २०५.
२११: पान ३१ वरून गवईची नोंद काढली.
२१२: व्यवहार क रद्द.

२१० लिहून झाल्यावर पुन्हा वीज गेली, तर संगणक २०६ दुसऱ्यांदा मागे घेत नाही, पुढच्या कामाला लागतो. लॉगमधले काहीच खोडले जात नाही. चुकीचीही नोंद राहते आणि ती रद्द केल्याचीही राहते. सातबारावरचा कंस आठवा. जुने नाव खरवडून काढत नाहीत, त्याला कंस करतात.

ही युक्ती कोणी बसवली?

व्यवहार आणि लॉग यांच्या कल्पना १९७० च्या दशकात आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत जिम ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुजवल्या. तिथेच पुढे काम करणारे, आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले सी. मोहन आणि चार सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये 'एरीज' नावाची पद्धत प्रसिद्ध केली. आधी लॉगप्रमाणे सारा इतिहास जसाच्या तसा पुन्हा घडवायचा, मग अपुरे व्यवहार मागे घ्यायचे, आणि मागे घेणेही लॉगमध्ये लिहायचे, हे तिचे सार. बी-ट्री सूचीसाठी हीच पद्धत कशी वापरायची, हे मोहन आणि फ्रँक लेव्हिन यांनी त्याच वर्षी वेगळ्या निबंधात मांडले. आपण वर पाहिलेली 'फोड पूर्ण' ही नोंद त्याच विचारातली आहे. आयआयटी मुंबईचे प्रा. एस. सुदर्शन ज्याचे एक लेखक आहेत त्या माहितीसाठ्यांवरच्या जगभर वापरल्या जाणाऱ्या पाठ्यपुस्तकात एरीजची ओळख आहे. पुढे संगणकशास्त्र घेणाऱ्या विद्यार्थ्यांची तिच्याशी गाठ पडणारच.

हे सगळे इतके जुने असूनही आळस महागात पडतो, याचे उदाहरण पोस्टग्रेसमध्येच आहे. त्यात २००१ पासून आधी लॉग लिहिण्याची पद्धत आली आणि बी-ट्री सूच्या सुरक्षित झाल्या. पण 'हॅश' नावाच्या दुसऱ्या एका सूचीचे बदल लॉगमध्ये लिहिले जात नसत. त्यामुळे ती वापरू नये, बिघाडानंतर ती नव्याने करावी लागेल, असा इशारा माहितीपुस्तिकेतच असे. अमित कपिला यांनी केलेल्या कामामुळे २०१७ च्या दहाव्या आवृत्तीत ही उणीव भरून निघाली. चांगली, वेगवान सूची वर्षानुवर्षे बाजूला पडली होती, ती केवळ तिचा फेरफार लिहिला जात नव्हता म्हणून.

वर्गात करून पाहा

हा प्रयोग आठवी-नववीच्या वर्गात एका तासात होतो. साहित्य: पाच-सहा पाट्या, तेवढेच कागद, एक वही. कागद म्हणजे डिस्कवरची पाने, पाट्या म्हणजे स्मृती, वही म्हणजे लॉग.

१. आपल्या उदाहरणातली पाने २, ५, ६ कागदांवर लिहा. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात एक गोल काढा. एक कोरा कागद पान ९ म्हणून ठेवा.
२. पहिला गट पाट्यांवर काम करील. त्याने वर्गातल्या मुलांची आडनावे एकेक करून सूचीत घालावीत. प्रत्येक बदल आधी वहीत ओळीने क्रमांक देऊन लिहावा, मग पाटीवर करावा. मनात येईल तेव्हा एखादी पाटी कागदावर उतरवावी आणि गोलात क्रमांक टाकावा.
३. शिक्षकांनी अचानक टाळी वाजवावी. वीज गेली! सगळ्या पाट्या पुसायच्या.
४. या वेळात बाहेर उभा असलेला दुसरा गट आत येईल. त्याला फक्त कागद आणि वही मिळेल. बोलायचे नाही. त्याने सूची पुरी करून दाखवावी.
५. त्यांचे काम चालू असताना पुन्हा एकदा टाळी वाजवावी.

मग हाच खेळ गोलातले क्रमांक न लिहिता खेळा. कोणती नावे दोनदा येतात, कोणती हरवतात, याची यादी फळ्यावर करा. त्यानंतर मुलांना विचारा: वहीत न लिहिता आधी कागदावर लिहिले असते तर? एखादे नाव रद्द करायचे असेल तर वहीतली ओळ खोडावी की नवी लिहावी? उत्तरे मुलेच देतात, आपल्याला फारसे सांगावे लागत नाही.

वीज जाणे आपल्या हातात नाही. खिडकीशी आलेल्या माणसाला 'तुमचे नाव नाही' असे सांगण्याआधी ते 'नाही' खरे आहे याची खात्री मात्र देता आली पाहिजे. सातबारावर गोल काढणाऱ्यांनी ती सोय कागदावर करून ठेवली होती, संगणकाने ती पानाच्या माथ्यावर नेली. पुढच्या वेळी घरचा जुना उतारा हातात आला, तर नावाबरोबर तो गोलही मुलांना दाखवा.